आत कापड आहे

टेलर मास्तरांच्या दुकानात एक राखाडी कोट कधीचा खुंटीला लटकत होता. शिवून, काजं-बटणं होऊन, इस्त्री मारून अगदी तयार, पण न्यायला कोणी येईना. शेवटी मास्तरांनी तो खाली काढला, खांद्यावरून अंगठा फिरवला आणि निकाल दिला की याच्या मालकाचा उजवा खांदा उतरता आहे. मग कपाळावरचा चष्मा नाकावर आणून ते मोबाइलमध्ये त्या मालकाला शोधू लागले.

आता हे सांगायलाच हवं की मास्तरांच्या मोबाइलमध्ये एकाही माणसाला नाव नव्हतं. नाव काय, कोणाचंही काहीही असतं, नावावरून कोट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तिथे 'पोट पुढे', 'मान आखूड', 'लांब हात, बोलका', 'टक्कल, सदा घाईत' अशी मंडळी सुखानं नांदत होती. शिवणीत जास्तीचं कापड दुमडून ठेवलं असेल, म्हणजे पुढेमागे सैल करून देता येण्यासारखं असेल, तर त्या गिऱ्हाइकापुढे 'आत कापड आहे' असं लिहायचं, हा दुकानाचा शिरस्ता. आणि तो कपडा सैल करायला हातात घेतला की त्यापुढे 'उसवायला घेतलंय'. एवढ्यावर त्यांचा धंदा आजवर बिनबोभाट चालला होता.

उतरत्या उजव्या खांद्याचे दोघे निघाले. एक नुसताच, दुसऱ्याच्या पुढे 'वरचा मजला'. पहिल्याचा फोन लागेना, दुसऱ्यानं लगेच उचलला. कोट तयार आहे म्हटल्यावर तो गृहस्थ म्हणाला की त्यानं जन्मात कोट शिवलेला नाही. शिवाय माझ्या खांद्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, असंही त्यानं जरा दुखावल्या सुरात विचारलं. तो राहत होता ते शहर इतकं लांब की तिथून कोट शिवायला इथे येणारा माणूस वेडाच म्हणायला हवा. मास्तरांनी माफी मागून फोन ठेवला.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. ते नंबर खालीवर करत बसले. 'दूध, लंगडतो.' हा कोण? 'नळ, शिट्टी वाजवतो.' याची पॅन्ट शिवलेली आठवेना. 'भाजी, सोन्याचा दात.' हिच्याशी आपला संबंध काय? ज्या माणसाला पाठमोरं गिऱ्हाईक पाहून कमरेचं माप सांगता येत होतं, त्याला आपल्याच फोनातली निम्मी माणसं ओळखता येईनात. म्हातारपणी डोकं जातं म्हणतात ते असंच जात असणार, असं वाटून मास्तरांना घाम फुटला.

घरी अक्काला सांगितलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. बायको गेल्यापासून घर तिच्याच हुकमात चालत होतं. तिनं भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की डोकं बिकं काही गेलेलं नाही, जायचा तो हेकटपणा तेवढा शाबूत आहे, तेव्हा उद्या जाऊन फोन दाखव.

मोबाइलवालीचं दुकान कोपऱ्यावरच होतं. मास्तरांचा जुना फोन पडून फुटला तेव्हा त्यातलं सगळं तिनंच या नव्या फोनात जसंच्या तसं आणून दिलं होतं. तिनं दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि विचारलं, "मास्तर, हे खातं कोणाचं आहे? फोन तुमचा, पण खातं काही तुमचं दिसत नाही."

तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. वरच्या कोपऱ्यात टिकलीएवढा फोटो होता. गळ्यात माप घ्यायची टेप टाकलेली एक मुलगी सगळे दात काढून हसत होती.

मास्तर तिथल्या स्टुलावर बसले.

ती ठमी. त्यांची एकुलती एक. खरं नाव चांगलं होतं, पण लहानपणी गोलमटोल होती म्हणून ठमी पडलं ते कायमचं. दुकानात कापडाच्या चिंध्यांत वाढली, शाळेच्या वयात काजं करायला शिकली आणि पुढे तर तिच्या हातचा कोट कोणता नि बापाच्या हातचा कोणता हे बापालाही सांगता येईना. दुकानातला पहिला मोबाइल तिनंच आणला. त्यात खातं लागतं म्हणे, मास्तरांचं नव्हतं, म्हणून तिनं आपलंच घालून दिलं. त्या फोनात नाव घालून ठेवलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे ठमी. तिला खूण लावायची गरज मास्तरांना कधी वाटली नाही.

पुढे तिला बायकांचे, पोरांचे कपडे शिवावेसे वाटू लागले. दुकानाचा एक कोपरा द्या, एवढंच तिचं मागणं. मास्तर म्हणाले की हे कोटांचं दुकान आहे, मी जिवंत असेपर्यंत इथे झबली शिवली जाणार नाहीत. शब्दानं शब्द वाढला. ती म्हणाली, मग मी जाते. हे म्हणाले, जा, आणि गेलीस तर मला फोन करू नकोस. ती खरंच गेली आणि बापाची मुलगी असल्यामुळे तिनं खरंच फोन केला नाही. त्याच संध्याकाळी मास्तरांनी तिचं नाव फोनातून पुसून टाकलं. राग शांत झाला तेव्हा नंबर कुठेच नव्हता. पाठ तर कधी केलाच नव्हता. लोक रागात कपबशी फोडतात, तू मुलगी पुसलीस, असं अक्का तेव्हा म्हणाली होती, आणि पुढे कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी न बोलता जेवली होती.

खातं मुलीचं आहे म्हटल्यावर मोबाइलवालीनं त्यांना समजावून सांगितलं. एका खात्यावर दोन फोन असले की इकडे साठवलेला नंबर आपोआप तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. म्हणजे ही न ओळखू येणारी मंडळी मास्तर विसरलेले नव्हते. ती ठमीची माणसं होती. तिचा दूधवाला, तिच्या नळाची दुरुस्ती करणारा, तिच्या वरच्या मजल्यावरचा उतरत्या खांद्याचा गृहस्थ. माणसाला नावानं नाही तर खुणेनं ठेवायची खोड बापाकडून उचललेली, म्हणून दोघांची माणसं एकमेकांत अशी मिसळून गेली होती की वेगळी काढणं मुश्कील.

मास्तरांनी विचारलं, "मी नाव पुसलं होतं एक. ते?"

"ते तिच्याही फोनातून गेलं असणार." मोबाइलवाली म्हणाली. "पण मास्तर, तिनं स्वतः हे जोडून दिलंय, तेव्हा तिला हे सगळं ठाऊक असणार. तुमची गिऱ्हाइकं इतकी वर्षं तिच्या फोनात येताहेत. मनात आणलं असतं तर तिनं कधीच तोडलं असतं. तोडलेलं नाही. आता तुम्ही सांगा, मी तोडू का?"

मास्तरांनी तिच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

दुकानात परत आले, पण मशीनवर बसवेना. त्यांना आठवलं, मागे पाय मोडून ते घरी पडले होते तेव्हा दुकान बंद होतं, फोनात नवं गिऱ्हाईक येत नव्हतं. शेजारचा चष्मेवाला भेटायला आला तेव्हा म्हणाला होता की कोणा बाईचा फोन आलेला, टेलरचं दुकान का बंद आहे विचारत होती, बरे आहेत ना म्हणून दोनदा विचारलं. असेल कोणी गिऱ्हाईक, असं म्हणून मास्तरांनी कूस बदलली होती. चष्मेवाल्याचा नंबर याच फोनात होता, 'शेजार, जाड काचा'. मास्तरांनी आता कपाळावर हात मारून घेतला.

मग ते फोनातले नंबर, साठवले गेले त्या क्रमानं, पहिल्यापासून वाचायला लागले. आपली माणसं सोडून देत, तिची वेचत. आधी नुसती खानावळ होती, 'खानावळ, तिखट'. मग 'खोली, कुरकुरी मालकीण'. मग शिवणयंत्र दुरुस्त करणारा, म्हणजे पोरीनं स्वतःचं मशीन घेतलं तर. 'सासूबाई, ऐकू कमी येतं' इथे त्यांना बराच वेळ पुढे जाता आलं नाही. लग्न झालं होतं. आपण कोणाकोणाच्या लग्नाचे कोट शिवत बसलो आणि हिचं लग्न झालं. जावई कसा असेल, उंच का बुटका, त्याचा कोट कोणी शिवला असेल, हे प्रश्न त्यांना असे टोचले की त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. त्याखाली 'बाळाचे डॉक्टर, गार हात'.

त्यांनी अक्काला दुकानात बोलावून घेतलं आणि तो नंबर दाखवला. अक्कानं वाचलं, पदर डोळ्यांना लावला आणि मुलगा की मुलगी, एवढंच विचारलं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्या जगाचे नंबर होते, ठमीचा तेवढा नव्हता. आपला आपल्यालाच नंबर कोण साठवतो? त्या वरच्या मजल्याच्या माणसाला फोन करून विचार, असं अक्का म्हणाली. मास्तरांना ते पटेना. मुलीचा नंबर परक्याकडून काढून घ्यायचा नाही, तिनं दिला तर घ्यायचा. पुसला तोही मीच, आता चोरून मिळवू कसा? हेकटपणा म्हणशील तर म्हण, पण नाही. अक्का या खेपेला हेकटपणा म्हणाली नाही.

ती गेल्यावर ते पुन्हा, आता अक्षरांच्या क्रमानं, वाचत बसले आणि 'ब' मध्ये एक नाव दिसलं. त्यावर आजवर नजर पडली नव्हती, कारण स्वतःला कोण शोधतं? नंबर त्यांचा स्वतःचा होता.

'बाबा, आत कापड आहे.'

मास्तर ते बघत राहिले. हे लिहिणं त्यांचं नव्हतं, शिरस्ता मात्र त्यांचाच होता. घट्ट झालंय, अंगाला काचतंय, पण टाकून देऊ नका, सैल करता येईल. असं तिनं बापाविषयी लिहून ठेवलं होतं, कधी कोण जाणे. फोन करू नकोस असं सांगितलं होतं म्हणून केला नव्हता, पण आशा काही सोडली नव्हती. त्या दुकानात, समोर रस्ता वाहत असताना, मास्तर ओठ दाबून रडले.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी तेच नाव उघडलं. जाड बोटांनी, दहादा चुकत, त्यापुढे लिहिलं, 'उसवायला घेतलंय'.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मास्तरांनाच ठाऊक. प्रत्येक टाक्यागणिक फोन बघायचे. 'मान आखूड'ची पॅन्ट उलटी कापली, 'लांब हात'वाल्याला आखूड बाह्या गेल्या. तिनं पाहिलं नसेल. पाहिलं असेल आणि राग आला असेल. आता जोडलेलं तोडून टाकेल आणि दूधवाल्यासकट सगळे एका सकाळी नाहीसे होतील. ते नाहीसे झालेले नाहीत ना म्हणून ते रोज उठल्यावर आधी दूधवाल्याला शोधायचे. तो बापडा रोज तिथेच लंगडत असायचा.

मग एका सकाळी दुकान उघडून त्यांनी खडू-कात्री मांडली, फोन पाहिला आणि दूधवाल्याच्या वरतीच एक नाव नवीन होतं.

'ठमी.'

पुढे काही नाही, खूणबीण काही नाही. त्यांनी ठेवलं होतं तसंच.

मास्तरांनी बोलायचं कितीतरी घोकून ठेवलं होतं. चुकलं म्हणायचं, जावयाची चौकशी करायची, अक्काची तब्येत सांगायची, सगळं क्रमवार. फोन लागला. पलीकडे उचलला गेला आणि मागे कुठेतरी एक लहान मूल आपल्याच नादात काहीतरी बडबडत होतं. घोकलेलं सगळं बाजूला राहिलं.

"ठमे," ते म्हणाले, "माप सांग."

"कोणाचं, बाबा?"

"झबल्याचं. इथेच शिवतो, दुकानात. आत कापड ठेवून."

पलीकडे ती रडायला लागली, आणि रडता रडताच मापं सांगायला लागली. छाती, उंची, बाहीची लांबी, अगदी दुकानातल्या सवयीनं, एकेक आकडा दोनदा. मास्तरांना जवळ काही कागद सापडेना. थांब म्हणायची भीती वाटली. त्यांनी खडू उचलला आणि समोर टेबलावर पडलेल्या त्या राखाडी कोटाच्या पाठीवरच नातवंडाची मापं लिहून घेतली. मालक आला तर झटकून देता येतील.