रिकाम्या खोलीतला एसी

हॉटेल स्वस्तातलं, इस्पितळासमोरच्या गल्लीतलं. किल्लीचं कार्ड भिंतीवरच्या खाचेत घातलं, तरच दिवे आणि एसी चालायचे. बाहेर जाताना कार्ड काढलं की सगळं बंद. परत यावं तर खोलीची नुसती भट्टी!

ह्यांनी त्यावर तोडगा काढला. निघताना आपला जुना बसचा पास खाचेत खुपसून ठेवायचे. मी भडकायचे, "रिकाम्या खोलीला कसली हवा घालता? हाकलून देतील आपल्याला!"

"अगं, उकडतं म्हणून जीव कोण खातं माझा? मग गप बस की."

ह्यांच्या ऑपरेशनच्या सकाळी मी बजावलं, आज तसले उद्योग नकोत. "बरं बाई," म्हणाले आणि चष्मा राहिला म्हणून पुन्हा खोलीत गेले.

संध्याकाळी मी एकटीच परतले, त्यांच्या कपड्यांची पिशवी घेऊन. ऑपरेशन चालू असतानाच हृदय बंद पडलं, म्हणाले डॉक्टर.

दार उघडलं, तर खोली गारेगार. खाचेतल्या पासवरून ह्यांचा फोटो माझ्याकडे बघत होता.

"ऐकाल तर शपथ," मी म्हटलं.

ह्यांना घरी न्यायची गाडी आल्याचं मॅनेजर दोनदा सांगून गेला. पण तो पास काढायला माझा हात धजेना. दात वाजायला लागले, तरी मी तशीच बसून होते.