कच्चं सिमेंट

भावनाने छोट्या आरशाने पेशंटचा गाल बाजूला सारला आणि चिमट्याचं टोक दाढेवर हलकेच दाबलं. दाढ मधोमध उभी चिरली होती. दोन्ही भाग वेगवेगळे हलले. बदलापूरच्या या दवाखान्यात सकाळपासून वाकून तिची कंबर धरली होती, त्यात हे.

"भागीरथीताई, आतलं सिमेंट कधी पडलं?"

"दिवाळी झाली नं, तवाच."

"आणि आता येताय?"

भागीरथी, बारवी धरणाकडच्या वाडीतली बाई. पावसाळ्यात ठणक्याने झोप उडाली तेव्हा आली होती, आणि भावनाने मुळांतली कीड काढून ठणका थांबवला होता. अशी दाढ नंतर ठिसूळ होते, तिला वरून कॅप हवी. पण गरज सरो नि वैद्य मरो. दुखणं थांबलं की कॅपसाठी कोणी फिरकत नाही. म्हणून भावना मुद्दाम कच्चं, तात्पुरतं सिमेंट भरायची. ते पडलं की झक मारत येतील, असा तिचा हिशोब.

"तुमीच सांगितलेला, या बाजूनं चावू नका," भागीरथी म्हणाली. "मी शिळी भाकर चावली. मना वाटला, माझ्याच चुकीनं पडला. तुमी रागवाल म्हणून नाय आले. दुसऱ्या बाजूनं खात होते. काल चुकून भातातला खडा याच दाढेखाली आला."

भावनाने आरसा ट्रेमध्ये ठेवला. इतकी वर्षं ती पेशंटच्या आळशीपणावर चिडत आली होती. ही बाई आळशी नव्हती, घाबरून घरी बसली होती. भावनाला स्वतःची लाज वाटली.

"ते पडणारच होतं. तुमची काही चूक नाही. पण आता दाढ काढावी लागेल."

"काढा, बाय. माझ्या मीनाचा दात तरी वाचू दे. तिला रोज सांगते, सांभाळून खा."

"मीना कोण?"

"पोर माझी. मागल्या महिन्यात तिच्या दाढेचा तुमीच केला नं. तिचापण सिमेंट पडलाय. मीच बोलले, डॉक्टरीणबाईला कळू देऊ नको."

भावनाने हातात घेतलेल्या इंजेक्शनच्या सुईवर टोपण परत बसवलं.

"फोन लावा तिला. आजच पक्कं भरते, दाढेची टोकंसुद्धा झाकून. कॅपला आली नाही तरी टिकेल."

भागीरथीने पदराच्या गाठीतून फोन काढला, पण लावला नाही.

"रागवणार नाय ना तिला?"