चौदा नंबरची चिठ्ठी

“वाचकाचं शिक्षण, दुसरी?” पंचाक्षरी सरांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून जगदेवीकडे पाहिलं. “बाई, इथं पदवीधर असं स्पष्ट छापलंय.”

जगदेवीने ते वाचलं होतं. तरीही त्या रकान्यात तिने नागूबाईचं नाव लिहिलं होतं, आणि शिक्षणापुढे खोटं लिहायला तिचा हात धजला नव्हता.

वाचनालयाची हौशी लेखकांची कथास्पर्धा दर वर्षी व्हायची. निवडलेल्या कथा वाचनालयाच्या दिवाळी अंकात छापून यायच्या. यंदा मात्र कार्यवाह पंचाक्षरी सरांनी एका व्याख्यानात ‘बीटा रीडर’ हा शब्द ऐकला आणि तो त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. झालं, नवा नियम निघाला. कथा देण्याआधी ती एका पदवीधर पूर्ववाचकाने वाचलेली हवी, त्यातल्या चुका दाखवलेल्या हव्यात, तशी त्याची सही हवी. सही नाही तर कथा नाही.

बाकीचे लेखक कुरकुरले, पण जगदेवीला नियम पटला होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. विणणाऱ्याला स्वतःच्या टॉवेलातला सुटलेला धागा दिसत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पण पदवीधर आणायचा कुठून? भाचा बी.कॉम. झाला होता. त्याने मोबाइलवर पानांचे फोटो काढून घेतले आणि पंधरा दिवस ‘बघतो की मावशी’ म्हणून तिला झुलवत ठेवलं. शेवटी तिने समोरच्याच टेबलावर काम करणाऱ्या नागूबाईला गोष्ट वाचून दाखवली. जेवणाच्या सुट्टीत, रोज थोडी थोडी, चार दिवस.

गोष्ट जगदेवीच्या थोरल्या बहिणीची होती, गोजाबाईची. नवरा अकरा वर्षं परागंदा होता आणि गोजा मंगळवेढ्याला माहेरी ज्वारी खुरपत राहिली. मग एके दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. मागच्या वर्षी गोजा वारली आणि रेशनकार्डावरूनसुद्धा तिचं नाव गेलं. ते कुठेतरी छापलेलं राहावं, एवढ्यासाठी जगदेवीने जन्मात पहिल्यांदा गोष्ट लिहिली होती.

नागूबाईने डोळे मिटून ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिला अडवलं.

“भाकरी थापताना रडली म्हून लिवलंस, ते खोटं हाय बघ. तवा तापल्याला आस्तोय, रडायला येळ कुटं? बाई रडती धुणं धुताना. तितं तोंडावर पानी मारता येतंय.”

जगदेवीने ते पान फाडून नवं लिहिलं.

शेवटच्या दिवशी नागूबाई पुन्हा अडली. “आकरा सालानं नवरा दारात आला, आन हिनं लगीच पानी दिलं?”

“तसंच झालं हुतं अक्का,” जगदेवी म्हणाली. नागूबाईने डबा बाजूला सारला, हात पुसले आणि एकेक अक्षर जोडत सही केली. तिने आधीच बजावून सांगितलं की तेवढी जागा नीट करशील म्हणून सही देते.

ती जागा जगदेवीने नीट केली नव्हती. तशीच कथा घेऊन ती आज, शेवटच्या तारखेला, वाचनालयात आली होती.

पंचाक्षरी सर तसे अडवणूक करणारे गृहस्थ नव्हते. उलट त्यांनी मार्ग काढला. आपली सून एम.ए. आहे, वरच्याच मजल्यावर राहते, दोन मिनिटांत सही आणून देतो, असं ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी पट्टी घेतली आणि नागूबाईच्या सहीवरून लाल शाईची रेघ ओढलीसुद्धा.

“पन त्या वाचतील कवा?” जगदेवीने विचारलं.

“वाचायचं काय त्यात? नियमापुरतं आहे ते.”

जगदेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस आपली भाकरी गार करून जिने ऐकलं, तिची सही बाद. जिने पान उघडलं नाही, उघडणारही नाही, तिची सही पक्की. आणि हे सगळं म्हणे कथा सुधारावी म्हणून.

“सर, आमच्याकडं डझनभर टॉवेल तपासून झाले की वर आपल्या नंबरची चिठ्ठी लावतोय आमी,” ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने टेबलाची कड धरली होती. “न बघता कुनी चिठ्ठी लावली, तर तिला कामावरनं काढत्यात.”

“अहो, हा काय कारखाना आहे? हे साहित्य आहे.”

“मग तर जास्तच बघाया पायजे की.”

तिने फॉर्म उचलला, कथेची पानं उचलली आणि पायऱ्या उतरली. सर मागून हाका मारत होते. घरी पोहोचेपर्यंत ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होती. खोटी सही म्हणे! पण घरी पानं पिशवीतून काढली आणि पाण्याचा तो परिच्छेद समोर आला, तेव्हा नीट न केलेल्या मालावर आपणही चिठ्ठी लावायला निघालो होतो, हे तिला कळलं. तिने कोरं पान पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिने नागूबाईला काय घडलं ते सांगितलं. नागूबाईने फॉर्म हातात घेऊन आपल्या नावावरून बोट फिरवलं.

“रेघ लई सरळ मारलीया,” ती म्हणाली. मग फॉर्म परत देत तिने विचारलं, “आन ते पान्याचं? नीट केलंस का?”

जगदेवीने नवं पान काढून वाचायला घेतलं. त्यांच्या गावाकडे दारातल्या माणसाला पाणी दिलं की त्याला घरात घेतला, असं धरत. म्हणून गोजाने पाणी दिलं नाही. नवऱ्याला उन्हात उभं ठेवून ती उंबऱ्याच्या आत बसून राहिली. धाकटी बहीण लग्नाची होती. टाकलेली थोरली घरात, म्हणून धाकटीचं स्थळ दोनदा मोडलं होतं. दुपार कलल्यावर धाकटीनेच तांब्या भरला आणि बाहेर नेऊन त्याच्या हातात दिला. गोजा बघत होती. सकाळी बोचकं बांधून ती नवऱ्याच्या मागोमाग निघून गेली.

धाकटी कोण, हे नागूबाईने विचारलं नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. नागूबाईने कमरेच्या पिशवीतून आपली चौदा नंबरची चिठ्ठी काढली, पानांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि वरच्या पानाला ती चिठ्ठी टाचणीने लावली.

“आता बरूबर हाय,” ती म्हणाली. मग पुढच्या गठ्ठ्यातला टॉवेल उचलून तिने उजेडासमोर धरला.