बिनचुन्याची कुंडी

मी दिल्लीतल्या एका कुंडीत राहणारी कोकणची लाल माती बोलतेय. माझ्या कुंडीवर लिहिलंय, 'सहा नंबर, चुना नाही'.

१९९२ साली कुडाळच्या कुरणातून मला गोणीत भरून इथल्या एका संशोधन संस्थेत आणलं ते अलकनंदाने. ती कुडाळचीच मुलगी, या संस्थेत संशोधक. तिच्या गावचे लोक गवताला युरिया घालून थकले, तरी गवत पिवळंच. चुन्याने माझा आंबटपणा कमी केला, तर तो युरिया गवताच्या अंगी लागेल का, एवढंच तिला गावाला सांगायचं होतं. म्हणून शेजारच्या कुंडीत चुना आणि युरिया, माझ्यात नुसता युरिया. माझं काम उपाशी राहण्याचं होतं.

पाणी घालायला काकासाहेब होते, फौजेतून निवृत्त झालेले, सावंतवाडीकडचे. पावसाचं साठवलेलं पाणीच घालायचं, असा सक्त नियम. पण माझं पिवळं गवत बघून त्यांना राहवेना. रोज ते हातपंपाचं एक लोटा पाणी मला जास्तीचं घालू लागले. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू!

तिसऱ्या वर्षी माझं गवत शेजारणीइतकंच हिरवं झालं. अलकनंदाने अहवाल लिहायला घेतला, 'चुन्याची गरज नाही'. घाईच होती. संस्थेतल्या लोकांनी नव्या गाड्या घेतल्या होत्या आणि आमच्या अंगणात पार्किंग होणार होतं.

शेवटचं गवत कापताना तिला माझ्या काठावर पांढरा थर दिसला. तिने तो नखाने खरवडला.

"काका, सच बताइए, हिला कुठलं पाणी घालता?"

"हातपंपाचं, मॅडम. रोज एक लोटा. आपल्या गावची माती, उपाशी कशी ठेवायची?"

"इथलं जमिनीतलं पाणी किती जड आहे, काका, चुन्याने भरलेलं! तीन वर्षं तुम्ही हिला चुनाच पाजलात."

काकासाहेबांनी टोपी काढली. "गावाला चुकीचं कळवू नका, मॅडम. माझं नाव लिहा."

तिने नाव लिहिलं नाही. अहवालाच्या पानावर आडवी रेघ मारली. पुन्हा प्रयोग करायला जागा उरली नव्हती.

आता मी पार्किंगच्या भिंतीकडेला पडून आहे. गावाला उत्तर मिळालं नाही, आणि त्यात माझाही दोष आहे. काकासाहेब रोज इथून जातात, मान खाली घालून, रिकाम्या हातांनी. तुमच्यापैकी कोणी त्यांना सांगाल का, की आता मला पाणी घातलं तरी चालतं?