ब्लूईचं खरं नाव

लाल केसांच्या माणसाला क्वीन्सलंडात ब्लूई, म्हणजे निळ्या, म्हणतात आणि त्याचं कुणाला हसूही येत नाही. आमच्या ब्लूईचे केस कधीच पांढरे झाले, नाव तेवढं टिकलं. तो कांगारूच्या कातड्याचे चाबूक विणायचा. गावात गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा मुलगी टेगनने त्याला 'ब्लूईचे चाबूक' हे ऑनलाइन दुकान थाटून दिलं. आता घर त्यावरच चालायचं.

आणि एका गिऱ्हाइकाने बँकेला कळवलं, की हा व्यवहार मी केलेलाच नाही. बँकेने ब्लूईच्या खात्यातून पैसे परत ओढले, वर दंड लावला. पाठोपाठ दुसरी तक्रार आली. टेगनने टपालवाल्याने काढलेला फोटो पुरावा म्हणून पाठवला. गिऱ्हाइकाच्या फाटकाजवळ टपालपेटी म्हणून ठेवलेला जुना फ्रिज, आणि आत पार्सल. बँकेने तो फेटाळला. चाबूक फ्रिजमध्ये कोण ठेवतं, असं शहरातल्या कुणाला वाटलं असणार. आता आणखी एक तक्रार आली की दुकानाचं खातं बंद. ब्लूईच्या हातची वीण सैल पडू लागली.

पहिली तक्रार नोएलीनची होती. टेगन म्हणत होती, तिला फोन करा. तो टाळत होता. तीस वर्षांपासूनची मैत्रीण लबाड निघाली तर काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी केला.

नोएलीन खुशीत होती. चाबूक झकास आहे, नातू हातातून सोडत नाही म्हणाली. मग आवाज खाली आणला.

"तू पण तुझं कार्ड जप रे. माझ्या बँकेच्या उताऱ्यात कुणी डेस्मंड कॅटरमोल म्हणून चोर निघाला. माझे पैसे उडवले मेल्याने. मी सोडते होय."

ब्लूई खाली बसला. "नोएलीन, डेस्मंड कॅटरमोल मीच."

"तुला नाव आहे?"

त्याला हसू आलं नाही. तक्रार मागे घे, एवढंच तो म्हणाला. ती लगेच हो म्हणाली, पण चाचरत.

"ब्लूई, शनिवारी घोड्यांच्या शर्यतींना मी सगळ्यांना सांगितलं रे. म्हटलं, घरी जाऊन खातं तपासा. त्या चोराचं नाव बऱ्याच जणांना सापडलंय."

टेबलावर टेगनचा फोन वाजला. तिने बँकेचा निरोप वाचला, आणि बापाकडे न बघता फोन पालथा ठेवला.