वीस मिनिटं पाणी

"आता मूठ वळा. जमेल तेवढीच," सिस्टर म्हणाल्या.

समोरच्या बाईंनी मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठा आला, पण बाकीची बोटं एकमेकांना धरून जराशी वाकली आणि तिथंच थांबली. सिस्टरांनी सांध्यावर कोनमापक टेकवलं आणि आकडा कागदावर लिहिला. या हातावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मांडीची कातडी काढून बोटांच्या बेचक्यांत बसवली होती.

"सिस्टर, एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "हातावर उकळतं पाणी सांडलं तेव्हा शेजारणीनं टूथपेस्ट फासली आणि पाची बोटं एकत्र गुंडाळून टाकली. बिचारीनं चांगल्यासाठीच केलं. पण तसं केलं नसतं तर?"

"थोडा फरक पडला असता."

"थोडा म्हणजे किती?"

सिस्टरांनी कागद पिशवीत घातले. खरं उत्तर त्यांना माहीत होतं, पण आता ते सांगून त्या बाईंच्या पदरात काय पडणार होतं?

सिस्टर आरोग्य खात्यात अठ्ठावीस वर्षं होत्या. गेली तीन वर्षं त्यांच्याकडे मोठ्या दवाखान्यातल्या प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांचं एक काम होतं. भाजलेल्या हातांवर कातडी बसवायच्या दोन पद्धतींपैकी कुठली अधिक टिकते, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी आणि वर्षानं सिस्टर पेशंटच्या घरी जात आणि बोटं किती उघडतात, किती मिटतात ते मोजत. मोजता मोजता त्या फॉर्मवर नसलेला एक प्रश्नही विचारत : भाजल्यावर सगळ्यांत आधी काय केलंत? उत्तर त्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत.

एकशे चाळीस हात झाले तेव्हा त्यांनी फक्त समास वाचून काढले. मग डॉक्टरांकडे गेल्या.

"सर, ज्यांनी लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरला, अंगठ्या काढल्या, बोटं वेगवेगळी गुंडाळली, त्यांच्यातल्या फार थोड्यांना दुसरी शस्त्रक्रिया लागली. पद्धत कुठलीही असो."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ कागद चाळले. "मी तीन वर्षं सुई-दोऱ्याचा अभ्यास करतोय," ते म्हणाले, "आणि तुम्ही म्हणताय की निम्मा निकाल माझ्या टेबलावर यायच्या आधीच लागलेला असतो."

"तसं नाही सर."

"तसंच आहे. वेगळा तक्ता करा. छापू आपण."

पण छापलेलं वाचणार कोण? कढईजवळ उभी असलेली बाई थोडीच डॉक्टरांचं मासिक वाचते? सिस्टरांच्या टेबलावर खात्याची आणखी एक फाइल होती, आपत्ती आराखड्याची. त्यात अग्निशमन दलाचा म्हणून दिलेला नंबर त्यांनी एकदा लावून पाहिला होता. पलीकडून एक शिंपी बोलला. "वर्षातून दोनदा येतो असा फोन," तो शांतपणे म्हणाला. त्या दिवसापासून आराखड्यातली प्रत्येक जागा स्वतः जाऊन बघायची, असं सिस्टरांनी ठरवलं होतं.

यादीत पहिला होता कापड रंगवण्याचा कारखाना. वाफेवर चालणारी मोठी पातेली, चाळीस बायका, आणि हात धुवायला तीन नळ. सिस्टरांनी मॅनेजरांकडे आणखी सहा नळ मागितले.

"बघू पुढच्या महिन्यात," मॅनेजर म्हणाले. "शिकवायचं ते शिकवा तुम्ही. अर्धा तास देतो."

पहिल्या पाळीच्या बायका सुटायच्या वेळी नळांपाशी गोळा झाल्या. पुढे त्यांची मुकादम उभी होती. पन्नाशीची, सडपातळ, कपाळाला कायमची आठी.

"भाजलं तर पाण्याखाली धरायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं," मुकादमबाई म्हणाल्या. "त्याला अर्धा तास कशाला?"

"किती वेळ धरायचं?"

"गार होईस्तोवर. दोन मिनिटं."

"वीस," सिस्टर म्हणाल्या. "चला, तुम्हीच धरा."

मुकादमबाईंनी हात नळाखाली धरला. पाचव्या मिनिटाला बायका खुसखुसायला लागल्या. आठव्या मिनिटाला मुकादमबाईंनी विचारलं, "झाली ना?" बाराव्याला त्यांनी पाय बदलला. सिस्टर तेवढ्यात साबण लावून घट्ट अंगठी कशी काढायची, बोटं वेगवेगळी कशी गुंडाळायची ते दाखवत होत्या. वीस मिनिटं झाल्यावर मुकादमबाईंनी सुरकुतलेली बोटं पदराला पुसली. त्यांना हसू आलं नव्हतं.

"एवढा वेळ कुणी आपणहून उभं राहणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी धरून ठेवायला पाहिजे."

"तेच सांगायला आले होते मी."

त्या दिवसापासून कारखान्यात सिस्टरांचं नाव 'नळाबाई' पडलं. त्यांना ते कळलं आणि आवडलंही.

दुसऱ्या पाळीचं शिकवणं मंगळवारी ठरलं होतं. सोमवारी डॉक्टरांचा निरोप आला की लेख पाठवायची तारीख जवळ आली आहे, तक्ता पुरा करायला बसावं लागेल. सिस्टरांनी मॅनेजरांना फोन करून पुढचा मंगळवार मागून घेतला.

शुक्रवारी चारच्या सुमारास पातेल्यावरच्या वाफेच्या नळीचा सांधा निखळला.

दवाखान्यात पाच मुली आल्या. सगळ्या दुसऱ्या पाळीच्या. सिस्टर धावत वॉर्डात पोचल्या. ड्यूटीवरची नर्स त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "यांच्या बोटांत एकही अंगठी नाही, बघा. बोटं वेगवेगळी गुंडाळून आणलीत. कुणी केलं हे?"

सहावी पेशंट कोपऱ्यातल्या खाटेवर होती. मुकादमबाई.

दुसऱ्या पाळीची मुकादम यायला उशीर झाला म्हणून त्या थांबल्या होत्या. बाकीची हकिगत मुलींनी सांगितली. सगळ्या फाटकाकडे पळत सुटल्या होत्या, कुणी मलमाची डबी शोधत होती. मुकादमबाईंनी एकीला वाफेतून दोन्ही हातांनी ओढून काढलं, मग सगळ्यांना दटावून मागे आणलं. तिघींना नळाखाली उभं केलं. उरलेल्या दोघींच्या हातांवर त्या पिंपातलं पाणी तांब्यानं ओतत राहिल्या. घड्याळाकडे बघून मोठ्यानं मिनिटं मोजत. एक मुलगी रडत हात काढून घ्यायला लागली, तर तिला म्हणाल्या, "तेरा झालीत. मुकाट्यानं उभी राहा." मग साबण लावून अंगठ्या काढायला लावल्या आणि एकेक बोट वेगळं गुंडाळायला लावलं.

सिस्टर त्यांच्या खाटेशी बसल्या. दोन्ही हात उशांवर उंच ठेवलेले होते. उजव्या हाताची अंगठी कापून काढावी लागली होती.

"तुम्ही स्वतःचे हात का नाही घातलेत पाण्याखाली?"

"नळ तीनच होते," मुकादमबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी हाताखालची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "त्या पोरींना मी मंगळवारी शिकवणार होते. मी तारीख पुढे ढकलली."

"मला शिकवलं होतंत ना."

"पण तुम्ही तिथं नसताच, तर?"

मुकादमबाईंनी डोळे मिटून घेतले. "होते ना पण. आता तो 'तर' घरी नेऊ नका. उगाच झोप जाईल."

पाचपैकी चौघींना शस्त्रक्रिया लागलीच नाही. पाचवीला मनगटावर छोटासा तुकडा बसवावा लागला. मुकादमबाईंवर डॉक्टरांनी तीनदा शस्त्रक्रिया केली. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं, अंगठीचं बोट वाचलं नाही, बाकीची ताठ राहिली. या सहा जणींची नोंद घेता यावी म्हणून डॉक्टरांनी थांबवून धरलेला लेख अखेर छापून आला. त्यातल्या तक्त्यात त्या पाच मुलींच्या हातांच्या जोड्या लगेच पाणी मिळालेल्यांच्या रकान्यात होत्या आणि मुकादमबाईंची जोडी दुसऱ्यात. तो आकडा भरताना सिस्टरांनी पेन दोनदा खाली ठेवलं होतं. मुकादमबाईंना त्यांनी ते सांगितलंही.

"खरं असेल ते लिहायचं," त्या म्हणाल्या. "नाहीतर कागद कशाला?"

नऊ महिन्यांनी सिस्टर कारखान्यात गेल्या, दोन्ही पाळ्यांना एकदमच शिकवायला. भिंतीला आता नऊ नळ होते. मुकादमबाई त्याच आठवड्यात कामावर परतल्या होत्या. पातेल्यांकडे नाही, तपासणीच्या टेबलावर.

पाळी सुरू व्हायच्या आधी त्या आत जाण्याच्या दाराशी उभ्या राहून कामाचा डगला चढवत होत्या. त्याला पुढे पाच बटणं होती. ताठ बोटांच्या चिमटीत बटण धरायचं, काजाजवळ न्यायचं, ते निसटायचं, की पुन्हा धरायचं. सिस्टरांचा हात आपोआप पुढे झाला.

"राहू द्या," मुकादमबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी हात मागे घेतला. घंटा झाली. दुसऱ्या बटणाला बराच वेळ लागला, तिसऱ्याला त्याहून जास्त. दार अरुंद नव्हतं, बाजूनं सहज जाता आलं असतं. पण मागे आलेल्या बायका एकेक करून थांबत गेल्या. कुणी चपलेचा पट्टा नीट केला, कुणी केस बांधले. मान वर करून बघितलं मात्र कुणीच नाही.

मुकादमबाईंनी पाचवं बटण लावलं, डगला खाली ओढून सारखा केला आणि आत गेल्या. मग बाकीच्या गेल्या.