धुतलेली मालगाडी

सोसायटीच्या मीटिंगहून मी परत आले तेव्हा आत्या बाल्कनीत बसली होती आणि तिच्यासमोर जुन्या टॉवेलवर बाबांची मालगाडी वाळत होती. जवळा पसरावा तशा सगळ्या वॅगनी चाकं वर करून ओळीनं मांडलेल्या. शेजारी बादली, भांड्यांचा साबण आणि एक झिजलेला टूथब्रश. बादलीतलं पाणी काळं-तांबडं झालं होतं.

"कवरी घान होती गो," आत्या म्हणाली. "तुज्या बापसाचा जीव होता यांच्यात, आन् कोनी हात फिरवला नाय. सांजचा तो शेठ येनार ना? आता बघ कशा झाल्या."

मी बघितलं. मग एक वॅगन उचलली. बोटाला काहीच लागलं नाही.

बाबा रेल्वेत वॅगन तपासनीस होते. यार्डात मालगाडी उभी राहिली की हातात टॉर्च, हातोडी आणि खडू घेऊन तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, चाकं, स्प्रिंगा, जोड ठोकून बघायचे, हे त्यांचं काम. जोडलेल्या वॅगनींच्या सबंध माळेला ते लोक रेक म्हणतात. एखादी वॅगन बिघडलेली निघाली तर तिच्यावर खडूनं 'सिक' असं लिहायचं. मग ती रेकमधून सुटी करून दुरुस्तीच्या रुळावर नेऊन ठेवतात. त्या रुळाचं नाव सिक लाइन. मला ताप आला की बाबा आमच्या खोलीच्या दारावर खडूनं 'सिक' लिहून कामाला जात, आणि ताप उतरल्यावर स्वतःच्या हातानं पुसत. माझं क्षिप्रा हे नाव नदीवरून ठेवलं असं मी लोकांना सांगते. खरं तर ते एका एक्स्प्रेस गाडीवरून आहे. मालगाड्यांना नावं नसतात हे माझं नशीब.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची मालगाडी बांधायला घेतली. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. एक वॅगन माझ्या वितीतही मावते. कोळशाच्या उघड्या वॅगनी, धान्याच्या बंद, तेलाच्या टाक्या, शेवटी गार्डचा डबा, सगळं मिळून एकवीस. प्लॅस्टिकचे पत्रे कापून, संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं एकेक रिव्हेट दाबून उठवलेला. शिड्या तांब्याच्या तारेच्या. रविवारी मी बेलापूरला या घरी यायची तेव्हा ते टेबलाशी काम करत आणि मी शेजारी बसून त्यांना वाचून दाखवी. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, हाताला लागेल ते. माझं लक्ष पानावर असायचं, त्यामुळे त्यांचे हात नेमकं काय करत होते हे मी कधी नीट पाहिलं नाही.

बाबा फेब्रुवारीत गेले. इमारत पुनर्विकासाला जाणार होती, दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं होतं. मी भाड्यानं घेतलेल्या कोपरखैरण्याच्या जागेत या गाडीइतकी लांब सलग भिंतच नव्हती. आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यात बाबा म्हणाले होते, "मला आता सिक लाइनला घेतलंय. कुणाला द्यायची तर दे गाडी. पण रेक मोडू नको." त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

मी नेटवर फोटो टाकले तेव्हा विचारणारे पुष्कळ निघाले. एकाला फक्त कोळशाच्या हव्या होत्या, दुसऱ्याला टाक्या. सुट्या विकल्या असत्या तर जास्त पैसे आले असते. सगळी गाडी मागणारा एकच माणूस होता, हरेशभाई, याच छंदामुळे बाबांना ओळखणारे. रबाळ्याला त्यांचा प्लॅस्टिकच्या साच्यांचा छोटा कारखाना आहे आणि कारखान्याच्या माळ्यावर खेळण्यातल्यापेक्षा कितीतरी मोठी रेल्वे. फोनवर त्यांनी मला भावाचं गणित समजावलं होतं. कारखान्यात बनलेली कोरी वॅगन खोक्यासकट दोन हजाराला मिळते. बाबांच्या कोळशाच्या वॅगनीला ते पाच द्यायला तयार होते, आणि का ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं: "क्षिप्राताई, ही घाण विकत मिळत नाही."

ती घाण आता बादलीत होती.

मी आत्याला सांगितलं. ओरडले नाही, तिच्यावर ओरडण्याची माझी बिशाद नव्हती आणि इच्छाही नव्हती. गोजराआत्या बाबांची थोरली बहीण, जन्म शेजारच्या दिवाळे गावात, आयुष्य मासळीबाजारात. बाबांच्या आजारपणात ती रोज डबा घेऊन यायची आणि ते गेल्यावर मला एकटीला सोडायचं नाही म्हणून इथेच राहिली होती. मी म्हटलं, "आत्या, तो मळ बाबांनी मुद्दाम लावलेला होता. खऱ्या गाड्या मळतात तसा. कोळशाचा वेगळा, सिमेंटचा वेगळा. त्याचेच पैसे होते."

आत्यानं हातातला टूथब्रश खाली ठेवला.

"म्हंजे गोड्या पान्यानं मावरा धुतला की भाव जातो, तसा?"

"तसंच, मासळीसारखंच."

"मंग शेठ नेनार नाय?"

"माहीत नाही."

"आन् नाय नेली तर?"

"तर मोडून विकावी लागेल."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठता उठता म्हणाली, "खाली कुंडीतली माती हाय. तो यायच्या आदी परत घान करू?" मला हसू आलं. बाबा गेल्यापासून मी त्या घरात पहिल्यांदा हसले असेन.

हरेशभाई चारला आले. पन्नाशीचे, बुटके, खिशाला भिंग लटकवलेलं. मी वॅगनी परत फळीवर लावल्या होत्या. त्यांनी चप्पल काढली, दोन पावलं आत टाकली आणि थांबले.

"कोणी धुतल्या?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाली. "मी. पोरीचा यात काय नाय. काय बोलायचा तो मना बोल."

हरेशभाईंनी एक बंद वॅगन उचलली, खिडकीपाशी नेली, भिंग लावलं. मग दुसरी. मग तिसरी. मला वाटलं ते झालेलं नुकसान मोजतायत.

"क्षिप्राताई, इकडे या. हे वाचा."

मी भिंगातून पाहिलं. तांबड्या रंगावर पांढरी अक्षरं होती, मुंगीच्या पायाएवढी. वॅगनीचा नंबर. रिकामं वजन. भार किती घ्यायचा. कुठल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती झाली, कधी, आणि पुन्हा कधी परत यायचं ती तारीख. अक्षर बाबांचं, उजवीकडे किंचित कललेलं.

"मी या गाड्या सहा वर्षं बघतोय," हरेशभाई म्हणाले. "नंबर सोडला तर यातलं एकही अक्षर मला कधी दिसलं नव्हतं. सगळं काजळीखाली होतं. त्यांनी पूर्ण लिहिलं, वार्निश मारून पक्कं केलं, आणि मग झाकून टाकलं. असं कोण करतं? आम्ही सगळे जेवढं दिसणार तेवढंच लिहितो."

"कशाला केलं असेल?" मी विचारलं.

"मी एकदा त्यांना म्हटलं होतं, भाऊ, थेट मळलेलीच रंगवा ना, अर्धी मेहनत वाचेल. तर म्हणाले, वॅगन वर्कशॉपमधून कोरी निघते आणि मग रुळावर मळते. आधी कोरी नसेल तर ती मळली कुठून? मला वाटलं मस्करी करतायत." त्यांनी वॅगन हळूच खाली ठेवली आणि आत्याकडे वळले. "खऱ्या वॅगनी पण काही वर्षांनी वर्कशॉपला जातात. धुऊन, घासून, रंगवून येतात. आत्या, तुम्ही सगळ्या रेकचं ओव्हरहॉलिंग केलंत."

"गोड बोलू नको रं," आत्या म्हणाली. "भाव उतरला का नाय ते सांग."

"उतरला."

"किती?"

"अर्ध्यावर आला. खोटं कशाला बोलू?"

"घे. आनि रागवत पन नाय. यानं मासळी विकली असती तर उपाशी मेला असता."

हरेशभाई हसले. मग मला म्हणाले, "पण अर्ध्या भावात मी ही नेणार नाही, मला झोप यायची नाही. मळवून नेतो, ठरलेल्या भावानं. तुमची हरकत नसेल तर इथेच, याच टेबलावर. फक्त एक अडचण आहे. भाऊंची काजळी. मी बाजारातल्या सगळ्या पावडरी वापरून बघितल्या, तो रंग येत नाही. कुठून आणायचे, कधी सांगितलं नाही."

"काजली?" आत्या म्हणाली. "डब्यातली? ती मीच द्यायची त्याला."

"कसली काजळी?" मी विचारलं.

"चुलीवरची. जवला उकडते ना मी, त्या टोपाच्या बुडाची. वरसाला एक डबा न्यायचा. मना वाटला, मशेरी लावतो चोरून. मी कोनाला बोलले नाय, म्हातारपनी काय लाज काडायची भावाची."

हरेशभाईंनी भिंग खिशात टाकलं आणि खुर्चीवर बसून पोट धरून हसले. मीही हसले, आणि हसता हसता स्वयंपाकघरात गेले, चहा टाकायला. तिथे थोडा वेळ लागला.

पुढचे काही रविवार हरेशभाई येत राहिले. आत्या डबा भरून काजळी घेऊन आली, गेरू घरातच होता. हरेशभाईंनी मला मऊ ब्रशनं पावडर कशी थोपटायची, ओल्या बोटानं पावसाचे ओघळ कसे काढायचे ते शिकवलं. या वेळी माझ्या हातात पुस्तक नव्हतं. उघड्या वॅगनीला आत जास्त, बाहेर कमी. टाकीला झाकणापासून खाली ओघळ. एकेक वॅगन मळवण्याआधी मी तिच्यावरची सगळी अक्षरं वाचून घेत होते. मग ती काजळीखाली जात आणि मला वाईट वाटत नसे. ती तिथं आहेत हे आता मला ठाऊक होतं. आत्या बाजूला बसून शेरे मारायची. "अजून घान कर. दगडी कोलसा हाय तो, पावडर लावून लगनाला नाय चालला."

एका कोळशाच्या वॅगनीची शिडी धुताना तुटली होती, ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. वरचा जोड सुटून ती नुसती लोंबत होती. हरेशभाई म्हणाले होते, "हिचं नंतर बघू," आणि ती बाजूला राहिली.

शेवटच्या रविवारी त्यांनी फोमचे कप्पे असलेली पेटी आणली. एकेक वॅगन कप्प्यात गेली, गार्डचा डबाही गेला. फळी रिकामी झाली आणि टेबलावर ती एकच उरली. मी ती उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. खिशातून एक बारीक पांढरी पेन्सिल काढली आणि मला दिली.

"लिहा."

"काय?"

"शिडी तुटलीय. अशी वॅगन रेकमध्ये चालवता येते का? तपासनिसाची मुलगी तुम्ही."

मग मी वॅगनीच्या कुशीवर, जमेल तेवढ्या लहान अक्षरात लिहिलं: सिक.

"झालं," ते म्हणाले. "सिक वॅगन काढली म्हणजे रेक मोडला असं होत नाही. हिचे पैसे मी देणार नाही हं, आजारी गाडी मी विकत घेत नाही."

आणि ते पेटीचे पट्टे आवळू लागले.

आत्यानं मात्र सगळं ऐकलं होतं. "आनि बरी झाली की?"

"मग नियमानं रेकला जोडावी लागेल," हरेशभाई म्हणाले. "रबाळ्याला घेऊन यायची."

आत्या माझ्याकडे वळली. "मंग तिला बरी करू नको गो."

कोपरखैरण्याच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर ती उभी आहे. शिडी अजून लोंबतेय. दुरुस्तीला एक थेंब गोंद पुरेल. महिन्यातून एकदा मी रबाळ्याला माळ्यावर जाते आणि उरलेली गाडी वळणावरून जाताना बघते. मध्ये कुठे जागा सुटलीय असं वाटत नाही. आणि बाजार उठला की आत्या दिवाळ्याहून फोन करते. माझं जेवण, ऑफिस, सर्दी असं सगळं विचारून झालं की शेवटी विचारते, "ती बरी झाली का गो?"

"नाही आत्या."

"बरा झाला," ती म्हणते आणि फोन ठेवते.